व्हीएम अडली म्हणून तू अडू नकोस

अगं, रात्री अपडेट झाले, सकाळी लॅपटॉप लावलास आणि व्हीएममधली, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या व्हर्च्युअल मशीनमधली, विंडोज काही केल्या सुरू होईना, एवढंच झालंय ना? मग आधी मनातून एक गोष्ट काढून टाक. तू काहीही बिघडवलेलं नाहीस. दिवाळी अंकाची पानं त्या विंडोजमध्ये, जुन्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरचं डोंगल तिथेच चालणारं आणि छापखान्यातून सारखे फोन. अशा वेळी कुणाचेही हातपाय गळतील. पण "ताई, मला हे जमणारच नाही" असं म्हणालीस ना, ते मला अजिबात पटलेलं नाही. लिनक्सवर व्हीएम चालवताना नेमकं कुठे काय अडतं हे आपल्याला कुणी नीट समजावून सांगत नाही. मग दर वेळी दोष आपण आपल्यालाच देत बसतो. म्हणून आज जरा निवांत ऐक.

तुझ्या कामाला विंडोज लागते, त्यात वाद नाही. तू पानं लावतेस त्या पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली आणि लिनक्ससाठी तो कधी निघालाच नाही. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली युनिकोड फॉन्टमध्ये उघडल्या, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणजे जुनं काम पुढे न्यायचं तर ते जुनं सॉफ्टवेअर जिवंत ठेवायला हवं. त्यासाठी दुसरा लॅपटॉप न घेता लिनक्सच्या पोटात विंडोज ठेवलीस, हा तुझा निर्णय चांगलाच आहे. फक्त तो निभवायचा कसा, तेवढं समजून घे.

आता मुळाशी जाऊ. ब्राउझर, लिबरऑफिस असले प्रोग्रॅम लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, बाहेर चालतात. त्यांना धक्का लागेल असा बदल कर्नलमध्ये करायचा नाही, हा लिनस टोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. म्हणून वर्षानुवर्षांचा प्रोग्रॅमही नव्या कर्नलवर सहसा बिनतक्रार चालतो. व्हीएमच्या सॉफ्टवेअरचा एक भाग मात्र थेट कर्नलच्या आत जाऊन बसतो, कारण प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय तिथूनच वापरता येते. व्हर्च्युअलबॉक्सचं 'व्हीबॉक्स-डीआरव्ही', व्हीएमवेअर वर्कस्टेशनची 'व्हीएममॉन' आणि 'व्हीएमनेट' ही असली मॉड्यूलं आहेत. कर्नलच्या आतल्या रचनेबद्दल मात्र कुणाला कसलाही शब्द दिलेला नाही. उलट ती बदलत राहणार, हे ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी कर्नलच्या कागदपत्रांतच स्वच्छ लिहून ठेवलंय. नवा कर्नल साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येतो. आत काही बदललं, की बाहेरून आलेलं मॉड्यूल त्या कर्नलसाठी पुन्हा बिल्ड करावं लागतं, आणि कधीकधी ते बिल्डच होत नाही. तुझी सकाळ ज्यात गेली, त्याचं मूळ हे.

तू म्हणशील, मी तर एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणारी, आवृत्ती घेतली होती, कटकट नको म्हणूनच. खरंय. पण उबुंटू २४.०४ हीच बघ. ती ६.८ कर्नल घेऊन आली आणि पुढे डेस्कटॉपवर तिच्यातच ६.११ आणि मग ६.१४ कर्नल आला. आवृत्तीचं नाव तेच राहिलं, पण खालचा कर्नल बदलला. तो बदलल्यावर मॉड्यूल नव्याने बिल्ड करायचं काम डीकेएमएस करतं. त्याला त्याच कर्नलचं हेडर पॅकेज लागतं. ते नसलं, किंवा व्हर्च्युअलबॉक्स जुना आणि कर्नल त्याच्यापेक्षा नवा असला, की मॉड्यूल तयार होत नाही आणि 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' हा संदेश समोर येतो, पुढे उणे १९०८ असा आकडा. विंडोज सुखरूप आहे, तुझी पानंही सुखरूप आहेत, फक्त मधला दुवा तुटलाय, एवढाच त्याचा अर्थ.

आज अंक जायचाच असेल, तर दुरुस्तीच्या मागे लागू नकोस. लॅपटॉप रीस्टार्ट कर आणि सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा मेनू आण. जुन्या बायोसचा संगणक असेल तर शिफ्ट दाबून धर. तिथे 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये गेलीस की आधीचा कर्नल दिसेल. उबुंटू तो लगेच काढून टाकत नाही, आणि त्याच्यासाठी बनलेलं मॉड्यूलही सहसा जागेवर असतं. तो निवड, काम उरक, पानं पाठव. दुरुस्ती रविवारी सावकाश कर. घाईत उत्तरं शोधून टर्मिनलमध्ये भराभर कमांड चिकटवत गेलं, की एका बिघाडाचे चार होतात.

दुसरा त्रास सिक्युअर बूटचा. यात मॉड्यूल व्यवस्थित तयार झालेलं असतं, पण त्यावर कर्नलला मान्य असलेली सही नसते, म्हणून कर्नल ते आत घेत नाही. उबुंटूमध्ये व्हर्च्युअलबॉक्स इन्स्टॉल करतानाच एक पासवर्ड मागतात. तो कशासाठी हे न कळल्यामुळे आपण काहीतरी टाकतो आणि विसरतो. खरी गंमत पुढे रीस्टार्टला असते. निळा स्क्रीन येतो, 'मॉक मॅनेजमेंट' लिहिलेला (मॉक म्हणजे सही पडताळायची मालकाची किल्ली), आणि कुठलीही कळ दाबायला दहा सेकंद देतो. तेवढ्यात कळ दाबायची, 'एनरोल मॉक' निवडायचं, पुढे जाऊन हो म्हणायचं, तोच पासवर्ड टाकायचा आणि रीबूट करायचं. दहा सेकंद चुकली तर लॅपटॉप गुपचूप पुढे सुरू होतो, किल्ली नोंदवली जात नाही आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणून त्या वेळी चहा ठेवायला उठू नकोस, स्क्रीनसमोरच बस. पासवर्डही साध्या इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा ठेव, कारण त्या स्क्रीनवर तुझा नेहमीचा कीबोर्ड लेआउट नसतो. पुष्कळ जण सिक्युअर बूट सरळ बंद करायला सांगतील. त्याने काम होतं, पण एक संरक्षण जातं. एकदा नीट किल्ली नोंदवलीस तर ते बंद करायची गरजच पडत नाही.

तिसरा प्रकार जरा फसवा आहे. इंटेलच्या व्हीटी-एक्सबद्दलचा संदेश येतो, आणि त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ असू शकतात. एक म्हणजे ही सोय बायोसमध्येच बंद आहे. एएमडीच्या संगणकावर तिथे 'एसव्हीएम मोड' असं नाव दिसतं. ती चालू केली की विषय संपला. दुसरा अर्थ असा, की सोय चालू आहे, पण दुसऱ्या कुणीतरी आधीच हातात धरून ठेवली आहे. तो दुसरा कोण, तर कर्नलमधलाच व्हीएम चालवणारा भाग, केव्हीएम. पूर्वी केव्हीएम आपली एखादी व्हीएम सुरू होईपर्यंत प्रोसेसरचा ताबा घेत नसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ कर्नलपासून मॉड्यूल लोड होतानाच ताबा घ्यायची पद्धत आली. तेव्हापासून केव्हीएम लोड झालेलं असताना व्हर्च्युअलबॉक्स सुरू करू पाहिला की तो अडू शकतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तसलाच प्रकार. त्या वेळेपुरती केव्हीएमची मॉड्यूलं काढता येतात किंवा कर्नलला सुरू होतानाच तसं सांगता येतं. पण संदेशात 'डिसेबल्ड' आहे की 'इन यूज' आहे, हे आधी वाच. दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीच्या उपायात अख्खी दुपार जाते.

म्हणूनच माझं मनापासून सांगणं आहे. रोजच्या पोटापाण्याच्या कामासाठी व्हीएम चालवायची असेल, तर केव्हीएमकडे वळ. ते बाहेरून आणून बसवायचं नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या कर्नलपासून ते लिनक्सचाच भाग आहे. आतली रचना बदलली, तर बदलणारी मंडळीच केव्हीएमही सोबत बदलतात. त्यामुळे नव्या कर्नलनंतर मॉड्यूल बिल्ड करणं, त्यावर सही घेणं, निळा स्क्रीन, यातलं काहीच तुझ्या वाट्याला येत नाही. वरचं यंत्र उभं करण्याचं काम क्यूईएमयू करतं, जे फॅब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये लिहायला घेतलं. तुला रोज हाताळायला 'व्हर्ट-मॅनेजर' ही खिडकी पुरेशी आहे.

पण केव्हीएम घेतलं की सगळं सुतासारखं सरळ होईल, असं खोटं आश्वासन मी तुला देणार नाही. तिथेही सुरुवातीला चार ठेचा लागतात. त्या आधीच दाखवून ठेवते.

पहिली ठेच परवानगीची. विंडोजची आयएसओ फाइल तू डाउनलोड्समध्ये ठेवतेस, ती तुला दिसते, उघडते, आणि व्हर्ट-मॅनेजर मात्र 'परमिशन डिनाइड' म्हणतो. कारण व्हीएम तुझ्या नावाने चालत नाही. ती वेगळ्याच युजरच्या नावाने चालते आणि त्या युजरला तुझ्या होम फोल्डरमध्ये शिरायची मुभा नसते. सगळ्या फायलींना सरसकट परवानगी देत सुटू नकोस. आयएसओ उचल आणि 'व्हार' फोल्डरच्या आत 'लिब', त्यात 'लिबव्हर्ट', त्यात 'इमेजेस' आहे, तिथे ठेव. ती जागा त्यासाठीच आहे.

दुसरी ठेच डिस्कची. वेग चांगला मिळावा म्हणून डिस्कचा प्रकार 'व्हर्टआयओ' निवडतात. पण विंडोजच्या इन्स्टॉलरला तो प्रकार ओळखता येत नाही आणि तो सांगतो की डिस्कच सापडत नाही. व्हर्टआयओच्या ड्रायव्हरची वेगळी आयएसओ मिळते. ती दुसऱ्या सीडीसारखी जोड आणि 'लोड ड्रायव्हर' वर टिचकी मारून तिच्यातला ड्रायव्हर दाखव. जुन्या विंडोजवर ते जमेना तर साटा निवड. थोडा वेग जाईल, पण पानं लावायच्या कामात ते जाणवणार नाही.

तिसरी ठेच नेटवर्कची. 'डिफॉल्ट' नेटवर्क सुरू नाही, असा संदेश आला तर ते सुरू कर आणि दर वेळी आपोआप सुरू होईल अशी खूण करून ठेव. आणि वाय-फायवर ब्रिज करायचा हट्ट धरू नकोस. एका जोडणीवरून दुसऱ्या मॅक पत्त्याची पाकिटं वाय-फायचा राउटर सहसा स्वीकारत नाही. नॅट ठेव, तुझ्या कामाला ते पुरतं.

चौथी ठेच जागेची, आणि ही सगळ्यांनाच लागते, व्हर्च्युअलबॉक्स असो की केव्हीएम. डिस्क ६४ जीबीची केलीस, फाइल सुरुवातीला लहान दिसली, म्हणून आपण खूश. पण ती वापरासोबत फुगत जाते, आणि विंडोजमधल्या फायली पुसल्या तरी आपसूक परत लहान होत नाही. एक दिवस लिनक्सचीच डिस्क भरते आणि व्हीएम जागच्या जागी थांबते. आपल्याला वाटतं ती हँग झाली, आणि घाबरून आपण तिला जबरदस्तीने बंद करतो. तसं करू नकोस. तिला लिहायला जागा नाही, म्हणून ती मुद्दाम थांबवलेली असते. लिनक्सवर जागा मोकळी कर आणि 'रिझ्यूम' म्हण, बहुतेक वेळा ती होती तिथून पुढे चालू लागते.

आता तुझ्या डोंगलबद्दल. ते लॅपटॉपला लावलं की आधी लिनक्सच्या हातात जातं, विंडोजला दिसत नाही. व्हर्ट-मॅनेजरमध्ये 'अॅड हार्डवेअर' मधून 'यूएसबी होस्ट डिव्हाइस' निवड आणि यादीतून डोंगल दे. व्हर्च्युअलबॉक्समध्येच राहायचं ठरवलंस, तर तुझं नाव 'व्हीबॉक्सयूजर्स' या गटात हवं, आणि गटात घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत यायला हवं. नुसती खिडकी बंद करून उघडली तर काही फरक पडत नाही, आणि पुष्कळ जणी इथेच अडकतात. आणखी एक लक्षात ठेव. यूएसबी २ आणि ३ साठी पूर्वी वेगळा एक्स्टेंशन पॅक लागायचा. ७.० या आवृत्तीपासून ती सोय मूळ पॅकेजमध्येच आली. त्या पॅकचा परवाना वेगळा आहे, वैयक्तिक आणि शैक्षणिक वापराला तो मोफत असतो, व्यवसायाला नाही. तू पैसे घेऊन काम करतेस, तेव्हा गरज नसताना तो बसवूच नकोस.

विंडोज कुठली ठेवायची, हेही विचारून घे स्वतःला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि निदान ४ जीबी मेमरी लागते. टीपीएमची नक्कल केव्हीएममध्ये 'एसडब्ल्यूटीपीएम' ने मिळते, व्हर्च्युअलबॉक्समध्ये ७.० पासून. पण तुझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर अर्धी मेमरी विंडोजला देऊन वर ब्राउझरच्या वीस खिडक्या उघडशील, तर दोघंही रखडतील. फक्त जुनं सॉफ्टवेअर चालवायचं असेल तर जुनी विंडोज हलकी पडते. मात्र विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. म्हणून जुनी विंडोज ठेवलीस, तर तिचं नेटवर्क कार्ड सरळ काढून टाक. तिला इंटरनेट कशाला हवं? पानं पीडीएफ करून शेअर्ड फोल्डरमधून लिनक्सवर आण आणि तिथून मेल कर. छपाईचा प्रिंटरही लिनक्सलाच जोडलेला असू दे.

हे सगळं तांत्रिक झालं. आता ज्यासाठी माझा जीव तुटतो, ते सांगते. तुझी पानं फक्त व्हीएमच्या आतच ठेवू नकोस गं. स्नॅपशॉट घेतला म्हणजे बॅकअप झाला, असं समजू नकोस. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो आणि मूळ फायलीवर अवलंबून असतो. मूळ फाइल खराब झाली की स्नॅपशॉटही गेला. रोज काम संपलं की त्या दिवसाच्या फायली शेअर्ड फोल्डरमध्ये टाक आणि तिथून बाहेरच्या डिस्कवर. महिन्यातून एकदा व्हीएम पूर्ण बंद करून तिची अख्खी डिस्क-फाइलच कॉपी करून ठेव. चालू व्हीएमची फाइल कॉपी केलीस तर ती कॉपी उघडेलच याचा भरवसा नाही.

अपडेटचंही वेळापत्रक तूच ठरव. अपडेट टाळायचे नाहीत, सुरक्षेचे तर मुळीच नाहीत. पण पानं छापखान्यात जायच्या आठवड्यात कर्नल बदलू द्यायचा नाही. उबुंटूमध्ये कर्नलची पॅकेजं 'होल्ड' वर ठेवता येतात आणि काम झालं की सोडता येतात. अपडेट करण्याआधी विंडोज रीतसर शटडाउन कर. 'सेव्ह स्टेट' करून तशीच झोपवलेली व्हीएम सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलल्यावर कधीकधी जागी होत नाही, आणि न जपलेलं काम त्यात जातं.

आणि काही कामांना व्हीएम बरोबर नसते, हेही मान्य करायला शीक. ग्राफिक्स कार्डाची ताकद लागणारं थ्रीडी किंवा व्हिडिओचं काम असेल, तर साध्या व्हीएममध्ये ते रडतखडत चालेल. ग्राफिक्स कार्ड थेट व्हीएमला देता येतं, पण त्यासाठी संगणक तसा हवा आणि मेहनतही बरीच. तशी वेळ आली, तर एखादा जुना संगणक विंडोजसाठी बाजूला ठेवणं जास्त शहाणपणाचं. त्यात कमीपणा काही नाही. साधन कामासाठी असतं.

नवं काम मात्र आता युनिकोडमध्येच घे, एवढं माझं ऐक. लिबरऑफिस आणि स्क्रायबस लिनक्सवर चालतात, आणि त्यात केलेल्या पानांना डोंगलही लागत नाही आणि व्हीएमही. जुन्या फायलींपैकी ज्या पुन्हा छापायला येतात, त्या एकेक करून युनिकोडमध्ये रूपांतरित करत जा आणि रूपांतर झाल्यावर प्रूफ डोळ्याखालून घाल, जोडाक्षरं हमखास चुकतात. दर दिवाळीला व्हीएमवरचं तुझं अवलंबून राहणं थोडं थोडं कमी होत गेलं पाहिजे.

तर आज जुन्या कर्नलवर पानं पूर्ण कर. रविवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घे आणि मग व्हर्ट-मॅनेजर बसवायला घे. अडलीस तर "चालत नाहीये" एवढंच पाठवू नकोस. संदेशाची पूर्ण ओळ, कर्नलचा आकडा आणि त्याआधी तू काय केलंस, हे तिन्ही लिहून पाठव. अर्धं उत्तर तुला ते लिहितानाच सापडेल, उरलेलं आपण दोघी मिळून शोधू.